आपत्तीतील अपंग बांधव आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वडवणी येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वार्षिक संमेलनाचा दिवस हा आपल्या आनंदाचा दिवस. गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक झाले, निधीचा हिशेब वाचून झाला, वधूवरांच्या याद्या हातोहात फिरल्या. अशा प्रसंगी पूर, दुष्काळ आणि भूकंप यांची गोष्ट काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु संकटाचा विचार शांतपणे करावयाचा तो संकट दूर असतानाच. पाणी उंबऱ्याला लागले म्हणजे विचाराला वेळ उरत नाही. माणूस हाती लागेल ते उचलतो आणि धावतो. मग ज्याला धावता येत नाही त्याने काय करावे? आणि पाणी ओसरून सरकारी मदत आली म्हणजे ती त्याच्यापर्यंत कशी पोचावी? आजचा माझा विषय एवढाच आहे.

नोकरीच्या निमित्ताने पंचनाम्यांचे कागद माझ्या हाताखालून पुष्कळ गेले. त्यावरून माझे जे मत बनले आहे ते आरंभीच सांगून टाकतो. मदत आपत्तीनंतर वाटली जाते हे खरे. पण ती कोणाला मिळावयाची हे बहुतांशी आपत्तीपूर्वीच ठरून गेलेले असते. ते सरकारी दप्तरात ठरते, आणि त्याहूनही अधिक आपल्या स्वतःच्या घरात ठरते.

शासन आता ‘दिव्यांग’ असा शब्द योजते. आपल्या पिढीच्या तोंडी ‘अपंग’ हा शब्द बसलेला आहे. मी दोन्ही वापरीन. मात्र एक लक्षात ठेवावे की कायद्याच्या दृष्टीने अपंग म्हणजे केवळ हातपाय गमावलेला नव्हे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत. त्यांत अंध आहेत, कर्णबधिर आहेत, कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, मतिमंद मुले आहेत, मनोरुग्णही आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर अपंग व्यक्तींची नोंद झाली. दर हजार लोकवस्तीमागे हे प्रमाण सुमारे २६ पडते. आपल्या तालुक्यातील एखादे दोन हजार वस्तीचे गाव डोळ्यांसमोर आणा. त्या हिशेबाने तेथे पन्नासएक माणसे अशी असावयास हवीत. आपल्याला त्यांपैकी किती ठाऊक आहेत, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारून पाहावा.

बंधुभगिनींनो, बीड जिल्हा हा दुष्काळाचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. पण ज्यांनी १९८९ सालचा बिंदुसरेचा महापूर पाहिला, त्यांना कोरड्या मुलखातले पाणी किती निर्दय असते हे सांगावयास नको. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात तर साऱ्या मराठवाड्याने तो अनुभव पुन्हा घेतला. ज्या नद्यांच्या पात्रांतून उन्हाळ्यात गुरे चालत जातात, त्याच नद्यांनी काठची पिके नेली, शेतातली माती नेली, घरे पाडली. लोकांनी शाळांतून आणि देवळांतून आसरा घेतला. बालाघाटाच्या कुशीतल्या ओढ्यांचे लक्षण तुम्ही जाणताच. पाऊस डोंगरावर पडतो आणि पाणी तासाभरात खाली गावात येते. एवढ्या अवधीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हलवावयाचे म्हणजे दोन धडधाकट माणसे, एक बाज आणि डोके शांत असलेला एखादा वडीलधारा, एवढे तरी जवळ असावे लागते.

पुराने होणारे विस्थापन डोळ्यांना दिसते. दुष्काळाने होणारे दिसत नाही. दसरा झाला की आपल्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आपण त्याला स्थलांतर म्हणतो, कारण ती माणसे आपल्या पायांनी जातात. पण पाण्यावाचून ज्याचे शेत पिकले नाही त्याचे जाणे कितपत स्वेच्छेचे असते? तेथेही अपंग माणसाची कोंडी होते. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. ज्याचा हात चालत नाही त्याचा कोयता धरला जात नाही. मग तो म्हाताऱ्या आईबापांबरोबर मागे राहतो, नाहीतर कोपीवर भावाची पोरे सांभाळीत बसतो. तो गावातही नसतो आणि कामावरही नसतो. गावात कोणी साहेब चौकशीला आला तर घराला कुलूप दिसते, आणि त्या घरापुढचा रकाना कोरा राहतो.

आता मदतीची रीत कशी आहे ते पाहू. आपत्ती आली म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. अलीकडे त्यांची पदनामे बदलली आहेत, पण काम तेच आहे. पंचनामा होतो तो पडलेल्या घराचा, वाहून गेलेल्या पिकाचा, मेलेल्या जनावराचा. मदत मिळते ती घराच्या मालकाला आणि सातबाऱ्यावरच्या खातेदाराला. रक्कम जमा होते ती बँकेच्या खात्यात, आणि त्यासाठी आधार क्रमांकाची पडताळणी करावी लागते. ह्या साऱ्यात कोणाचा दुष्टपणा नाही. सरकारी पैसा योग्य माणसाला पोचावा म्हणूनच ही रीत घातलेली आहे. पण ती घालताना जो माणूस डोळ्यांसमोर ठेवला गेला तो उभा राहू शकणारा, पाहू शकणारा, स्वतःच्या नावावर काही असलेला असा माणूस आहे. ज्याची बोटे व्याधीने झडली आहेत त्याचा ठसा यंत्र घेत नाही. डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या खुणेवरून पडताळणी करता येते, पण ते मागून घ्यावे लागते. बहिऱ्याला दवंडी ऐकू जात नाही. अंधाला चावडीवर चिकटवलेली यादी वाचता येत नाही. आणि जो बाजेवर आहे तो रांगेत उभा कसा राहणार?

ही उणीव केवळ कल्पनेतली नव्हे. आपल्या मराठवाड्याने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पुनर्वसन पाहिलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयाच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे दगावली आणि त्याहून कितीतरी अधिक जखमी झाली. आदल्या रात्री मिरवणुकीत चालणारी कित्येक माणसे दुसऱ्या दिवशी कायमची अपंग होऊन बसली.

त्यानंतर जे काम झाले त्याचे श्रेय द्यावयास हवे. जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पुरती उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली. घरे देण्याची तीन मापे ठरली होती. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४०० चौरस फूट, आणि ७ हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. ही मापे नीट ऐका. घराचे माप जमिनीवरून ठरले. त्या घरात चाकाच्या खुर्चीवर बसणारे माणूस आहे काय, त्याला दारातून आत वळता येईल काय, ह्यावरून माप ठरण्याची त्या तीन मापांत सोय नव्हती.

नवी गावे शहराप्रमाणे आखली गेली. रुंद रस्ते झाले, घराघरांत अंतर पडले. भूकंपाच्या भयाने ग्रासलेल्या लोकांना ते हवेसेच वाटले असेल. पण जुन्या गावठाणात घराला घर लागून होते. अंध माणूस भिंतीला हात लावीत देवळापर्यंत जात असे, लंगडा माणूस दोन ओट्यांवर विसावा घेत पाराशी पोचत असे. त्याच्या चालण्याचा आधार ह्या भिंती आणि हे ओटेच होते. नव्या गावात भिंत दूर गेली, ओटा नाहीसा झाला, आणि जो जुन्या गावात फिरता होता तो नव्या घरात बसता झाला. विस्थापन म्हणजे केवळ छप्पर जाणे नव्हे, ते हे.

त्या वेळी शासनास दोष देण्यात अर्थ नाही, कारण तसा कायदाच नव्हता. अपंगांच्या हक्कांचा देशातील पहिला सर्वंकष कायदा १९९५ साली संमत झाला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत अमलात आला. किल्लारीची धरणी हालली तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता. पुढे २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. मदतीचे किमान मापदंड ठरविताना विधवा आणि अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद करावी असे त्याच्या कलम १२ मध्ये म्हटले आहे. अपंगांचे नाव तेथे नाही. मदत देताना लिंग, जात, समूह, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करू नये असे कलम ६१ सांगते. तेथेही अपंगत्वाचा उल्लेख नाही. कायदा लिहिणारे निर्दय नव्हते. डोळ्यांसमोर नसलेला माणूस लेखणीतून निसटतो, एवढेच.

ही चूक भरून निघाली ती २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक करारास मान्यता दिली होती. त्याला अनुसरून हा कायदा झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम ८ आपण प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. नैसर्गिक आपत्तीत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने संरक्षण मिळाले पाहिजे, हा त्यातला पहिला भाग. दुसरा असा की, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची तपशीलवार नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांना पोचेल अशी व्यवस्था करावी. हे प्राधिकरण म्हणजे जिल्हाधिकारी आणि त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष इत्यादी मंडळी. तिसरा भाग पुनर्बांधणीचा. आपत्तीनंतर जी बांधकामे होतील ती दिव्यांगांना वापरता येतील अशीच, आणि राज्य आयुक्तांशी विचारविनिमय करून व्हावीत. किल्लारीच्या वेळी जे सुचले नाही ते आता कायद्याच्या अक्षरांत आले आहे.

ह्या तिन्ही भागांत मधला भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे नोंद. यादी ही वस्तू कोणाला क्षुद्र वाटेल. पण आपल्या देशात ही कल्पना जुनी आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून इंग्रजी अमलात दुष्काळ संहिता तयार झाल्या. ज्यांना खडी फोडता येते त्यांना काम द्यावे, पण अंध, पंगू आणि जराजर्जर अशांना काम न मागता गावातच मदत द्यावी, आणि त्यासाठी गावोगाव याद्या कराव्यात, असे त्यांत सांगितले होते. परक्या राजवटीने पोट आखडून मदत केली, ह्यात शंका नाही. पण काम न करू शकणारा माणूस रांगेत येणार नाही, त्याला शोधीत जावे लागते, एवढे तिलाही उमगले होते.

आणि परदेशाचेही एक उदाहरण घ्या. जपानसारखा सावध देश शोधून सापडणार नाही. तरी मार्च २०११ च्या भूकंपात आणि समुद्राच्या लाटांत तेथील बाधित भागांत अपंगांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दुप्पट होते. त्यावरून धडा घेऊन त्या देशाने २०१३ साली कायदा सुधारला आणि ज्यांना घराबाहेर पडण्यास दुसऱ्याचा हात लागतो अशांची यादी करण्याचे बंधन प्रत्येक नगरपालिकेवर घातले. २०२१ साली आणखी एक पाऊल पुढे टाकून, अशा प्रत्येक माणसासाठी ‘ह्याला कोण, कोठे, कसे नेणार’ अशी स्वतंत्र योजना आखण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले. ह्या कामाला पैसा फारसा लागत नाही, शेजारी लागतो.

आता साहाय्याचे आकडे सांगतो, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसतात. आपत्तीनेच ज्याचा अवयव वा डोळा गेला त्याच्यासाठी २०२२ ते २०२६ ह्या कालावधीकरिता केंद्राने जे मापदंड घातले, त्यांत ४० ते ६० टक्के अपंगत्वास ७४ हजार रुपये आणि ६० टक्क्यांहून अधिक अपंगत्वास अडीच लाख रुपये ठरविले आहेत. त्यासाठी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणून जखमी माणसाला घाईघाईने खासगी दवाखान्यात नेले तरी सरकारी दवाखान्यातील नोंद चुकवू नये. हे साहाय्य आपत्तीने अपंग झालेल्यांचे. जो आधीपासून अपंग होता आणि आपत्तीने बेघर झाला, त्याची वाट निराळी आहे. ती अनेक लहान दारांतून जाते.

पहिले दार मासिक साहाय्याचे. १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या गरीब व्यक्तीस दरमहा रक्कम मिळते. ती १,५०० रुपये होती. दिव्यांगांसाठी २०२५ साली ती २,५०० करण्यात आली. दुसरे दार आपल्या गावातच आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी असा शासनाचा आदेश आहे. आपल्यापैकी कित्येकजण ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. त्यांनी हा ५ टक्क्यांचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. तिसरे दार घराचे. २०१६ च्या कायद्याचे कलम ३७ म्हणते की जमीन आणि घरे देण्याच्या योजनांत ५ टक्के वाटा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांचा असावा आणि त्यांत स्त्रियांना प्राधान्य असावे. चौथे दार साधनांचे. कुबडी, तीनचाकी, श्रवणयंत्र पुरात गेले तर नवे मिळविण्यासाठी केंद्र सरकारची साधनसाहाय्य योजना आहे, आणि कानपूरच्या कृत्रिम अवयव निर्माण करणाऱ्या सरकारी कारखान्याची साधने तिच्यातून वाटली जातात. ह्या सर्वांवर कलम २४ ची पाखर आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांपेक्षा निदान २५ टक्क्यांनी अधिक असावी, आणि आपत्तीच्या काळातील आधारही त्या योजनांत असावा, असे ते कलम सांगते.

दारे पुष्कळ आहेत; पण प्रत्येक दारावर एकच किल्ली मागितली जाते. ती म्हणजे अपंगत्वाचा दाखला, आणि आता त्याबरोबरचे वैश्विक ओळखपत्र. ज्याच्याजवळ ते नाही तो सरकारच्या लेखी अपंगच नाही, मग त्याचे दोन्ही पाय नसले तरी! जिल्हा रुग्णालयात जाऊन तपासणी करून घेणे हे सुकाळातही कष्टाचे काम आहे. पूर आल्यावर, रस्ता तुटल्यावर, अंगावरच्या कपड्यानिशी शाळेच्या ओट्यावर बसलेल्या माणसाने ते कसे करावे? म्हणून मी म्हणालो की मदतीचा निकाल आपत्तीपूर्वीच लागलेला असतो.

येथवर सरकारविषयी बोललो. आता आपल्याविषयी बोलतो, आणि थोडे स्पष्ट बोलतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

आपल्या समाजात आणि आपल्यासारख्या सर्वच समाजांत, घरात अपंग मूल असले तर ते झाकण्याची रीत आहे. मोठ्या मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, पाहुणे येणार आहेत, मग धाकट्याला मळ्यात नेऊन ठेवतात. मंडळाच्या कुटुंबसूचीसाठी माहिती लिहून देताना त्याचे नाव गाळतात. ह्यात आईबापांचे प्रेम कमी असते असे मी म्हणत नाही. एका लेकराच्या संसारासाठी ते दुसऱ्या लेकराचे नाव गाळतात, आणि तसे करताना त्यांच्या जिवाला काय होत असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण परिणाम काय होतो? जे नाव आपण सोयऱ्यांपासून लपविले ते शिधापत्रिकेत राहून जाते, दाखल्यासाठी पुढे येत नाही, आणि जिल्ह्याच्या नोंदीतही पोचत नाही. सोयऱ्याला दिसू नये म्हणून लपविलेला मुलगा सुटकेच्या होडीलाही दिसत नाही.

दुसरी गोष्ट वाटणीची. बाप गेल्यावर भावाभावांत जमीन वाटली जाते. ‘त्याला काय करावयाची जमीन? आम्ही आहोत की सांभाळावयास,’ असे म्हणून अपंग भावाकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. कित्येकदा भाऊ शब्दाला जागतातही. पण पुरात शेत खरडून गेले की मदत सातबाऱ्यावरच्या नावाला येते. घर पडले की ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याला येते. अपंग भाऊ दोन्हीकडे नसतो. तो आजवर भावाच्या दयेवर होता, आता भाऊच बेघर झाला. मग दयेची ती दोरीही तुटते. दिव्यांगास इतरांप्रमाणेच मालमत्ता धारण करण्याचा आणि वारशाने मिळविण्याचा हक्क आहे, हे २०१६ च्या कायद्याने स्वच्छ सांगितले आहे. पण घरातल्या घरात घेतलेल्या अंगठ्याविरुद्ध कायदा आपण होऊन दार ठोठावीत नाही. तेथे समाजाचा शब्दच लागतो. आणि समाजाचा शब्द म्हणजे हे मंडळ.

म्हणून मंडळापुढे मी चार सूचना ठेवतो. आपण त्यांवर चर्चा करावी, दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि मान्य झाल्यास पुढील संमेलनापूर्वी त्या अमलात आणाव्यात.

पहिली सूचना अशी की, कुटुंबसूचीच्या नव्या आवृत्तीबरोबर मंडळाने दिव्यांगांची एक स्वतंत्र नोंदवही करावी. ती छापू नये, वधूवर सूचक समितीच्या हाती देऊ नये, आणि त्या व्यक्तीच्या किंवा तिच्या पालकांच्या संमतीवाचून कोणास दाखवू नये. तिच्यात नाव, गाव, कोणत्या प्रकारचे अपंगत्व, दाखला आहे की नाही, आणि घरातून हलविण्यास किती माणसांचा हात लागेल, एवढेच असावे. पावसाळ्यापूर्वी तिची प्रत तहसील कचेरीत देऊन, ही नावे जिल्ह्याच्या नोंदीत आली किंवा नाहीत, याची विचारणा लेखी करावी आणि लेखी उत्तर मागावे.

दुसरी सूचना दाखल्यांची. ज्यांचे दाखले नाहीत त्यांना वर्षातून दोनदा, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी एकदा आणि परत आल्यावर एकदा, मंडळाच्या खर्चाने बीडला तपासणीस न्यावे. आपण वरातीसाठी गाड्या काढतो. दोन गाड्या ह्याही कामी काढू. दाखला, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक आणि औषधांची चिठ्ठी यांच्या नकला पाणी न शिरेल अशा पिशवीत घालून घरातल्या उंच खुंटीला टांगून ठेवाव्यात आणि एक संच नातलगाकडे ठेवावा.

तिसरी सूचना मंडळाने जे काही बांधले आहे किंवा पुढे बांधील त्याविषयी. पुराच्या वेळी लोक शाळा, देवळे आणि मंगल कार्यालये यांच्याच आसऱ्याला येतात. तेथे पाच पायऱ्यांशेजारी एक सौम्य उतार, एक रुंद दार आणि हाताला धरावयास दांडा असलेले एक शौचकूप, एवढे आपल्या हातचे आहे. देणगीदारांच्या नावाची फरशी दर्शनी भिंतीत बसते; ह्या वर्षी ती उताराच्या कडेला बसवावी, असे मी सुचवितो.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक अपंग व्यक्तीसाठी गल्लीतल्या दोन धडधाकट माणसांनी, पाणी आले तर तिला उचलून नेण्याची जबाबदारी आधीच पत्करावी. आणि येथे ज्ञातीचा विचार आड येऊ देऊ नये. मी ज्ञातिमंडळाच्याच व्यासपीठावरून हे बोलतो आहे, याची मला जाणीव आहे. पण आपल्या घरापासून जवळ कोण, तर शेजारी. तो कोणत्या समाजाचा हे ओढ्याला ठाऊक नसते. आपली यादी आपल्यापासून सुरू व्हावी, पण आपल्यापाशी संपू नये. किल्लारीनंतर घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. लोकांचे म्हणणे अधिकाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांचे म्हणणे लोकांना समजावून सांगण्याचे काम त्यांनी केले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. फारशी न शिकलेली बाई आपले गाव किती नीट जाणते, हे तेव्हा दिसून आले. आपल्या महिला शाखेने हे काम अंगावर घेतले तर ते पुरुषांपेक्षा सरस होईल, याविषयी मला शंका नाही. कोणत्या घरात कोण आतल्या खोलीत आहे, हे बायकांना ठाऊक असते.

कोणी म्हणेल, हे सर्व सरकारचे काम आहे, आपण का करावे? सरकारचे काम सरकारनेच करावे आणि ते त्याच्याकडून करून घ्यावे, हे मलाही मान्य आहे. कलम ८ ने जिल्ह्यावर कर्तव्य टाकले आहे. ते झाले नाही तर पुण्यास दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते, आणि ती मागावी. राज्यात २०२२ पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही आहे. पण सरकारला आपल्या माजघरातले दिसत नाही. जिल्ह्याच्या यादीत नाव घालणे हे सरकारचे काम. ते नाव उच्चारणे हे मात्र आपले काम आहे. आपण उच्चारलेच नाही तर सरकारने काय लिहावे?

मंडळींनो, आपल्या मंडळाने शिक्षणासाठी निधी उभारला तेव्हाही लोक म्हणाले होते की शाळा काढणे सरकारचे काम. तरी आपण मुलांना आधार दिला आणि आज त्यांचा सत्कार करीत आहोत. हे कामही त्याच जातीचे आहे. फरक एवढाच की ह्यात कोणाचा सत्कार व्हावयाचा नाही. एखाद्या वर्षी पाणी येईल, आणि आपल्यापैकी एखाद्या घरचे माणूस वेळेवर उचलले जाईल. त्याच्या नावावर त्याचे अनुदान, त्याचे घर, त्याची तीनचाकी वेळेवर येईल. वर्तमानपत्रात ते छापून येणार नाही. ज्या माउलीने इतकी वर्षे आपले लेकरू आतल्या खोलीत ठेवले, तिला मात्र ते कळेल.

 कुटुंबसूचीचे नवे अर्ज जेवणानंतर वाटले जातील. ते भरताना घरातील सर्व माणसांची नावे लिहावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.